लहान मूल, लांबचा रस्ता: बेळगावहून निघण्याआधी करायची तयारी

बेळगाव ते पुणे साधारण ३४० किलोमीटर. दोन मोठी माणसं, एक चहा आणि एक जेवण एवढ्यावर हे अंतर सहा-साडेसहा तासांत कापून होतं, आणि मोबाइलचा नकाशाही तेवढंच सांगतो. मागच्या सीटवर अडीच वर्षांचं मूल असेल तर हेच अंतर पावणेनऊ तासांचं होतं. घरातली निम्मी चिडचिड, घाईघाईत केलेले ओव्हरटेक आणि अंधारात संपणारा प्रवास हे सगळं या अडीच तासांच्या चुकलेल्या हिशेबातून येतं.

म्हणून पहिलं गणित: एकूण किलोमीटर भागिले ४०. येईल तेवढे तास घरापासून मुक्कामापर्यंत धरायचे. गाडी हायवेवर ७०-८० नेच चालेल, पण दर दीड ते पावणेदोन तासांनी वीस-पंचवीस मिनिटांचा थांबा आणि जेवणाचा एक तास धरला की सरासरी चाळीसवरच येते. घाटाचा रस्ता असेल तर तीसने भागा. चोर्ल्यातून पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चार तास.

दुसरी मर्यादा दिवसाची. वर्षाच्या आतलं मूल असेल तर एका दिवसात दोन-अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला साडेतीनशे जमतात. या मापाने पुणे एका दिवसात कसंबसं बसतं. बंगळूर मात्र पाचशे किलोमीटर, म्हणजे साडेबारा तास. ते दोन दिवसांचंच काम. दावणगिरी साधारण अर्ध्या वाटेवर आहे. मुक्काम तिथे करा किंवा पुढे चित्रदुर्गला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यात तासभर मुलाला मोकळं सोडून मग निघा. सातारा-जेजुरीकडे जावळ काढायला किंवा कुळाचाराला निघणाऱ्यांनी देवदर्शन पोचल्याच्या दिवशी ठेवू नये. आठ तास गाडीत बसलेलं मूल रांगेत उभं राहत नाही.

तारीख ठरवताना

सीमाभागात रस्त्याचं कॅलेंडर वेगळं आहे. नोव्हेंबर ते मार्च हा उसाचा हंगाम. चिकोडी, निपाणी, संकेश्वर, कागल, पुढे कराड, सगळीकडे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. मागचा दिवा बहुतेकांना नसतो, रिफ्लेक्टर असला तर लोंबणाऱ्या वाड्यात (उसाच्या शेंड्यांच्या पाल्यात) झाकलेला असतो. दिवसा हा फक्त उशीर आहे, अंधारात जीवघेणा अडथळा. या महिन्यांत उजाडल्यावर निघायचं आणि दिवस मावळायच्या आत पोचायचं, यात सूट नाही.

जुलैचा शेवटचा आठवडा आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा पुराचा. २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवेवर पाणी येऊन वाहतूक काही दिवस बंद होती, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणीही रस्त्यावर येतं. निघायच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ ओलांडून पाणी चढत असेल तर प्रवास पुढे ढकला. पुरात अडकलेल्या ट्रकांच्या रांगेत तान्ह्या मुलाचं दूध तापवायची सोय नसते.

१ नोव्हेंबरला बेळगाव शहरात कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेध फेरी दोन्ही असतात, चन्नम्मा चौकाकडचे रस्ते वळवले जातात. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हलग्याकडे मोर्चे आणि बंदोबस्त असतो, दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी सकाळी लवकर शहर सोडावं. सौंदत्तीची यल्लम्मा आणि चैत्री पौर्णिमेची जोतिबाची यात्रा हेही बघून ठेवा. आणि सीमेवर कधी भाषेवरून वातावरण तापलं तर आधी एसटी थांबते. कोल्हापूर-बेळगाव बस चालू आहेत का, हे स्टँडवर विचारलं की रस्त्याचा अंदाज येतो.

कारसीट

या भागावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा मुलांच्या सीटशिवाय नेल्यास हजार रुपये दंड आहे (कलम १९४ ब). पण दंड ही यातली सगळ्यांत छोटी गोष्ट. ताशी ५० ने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं मूल सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. आजीची माया कितीही असली तरी तेवढा जोर तिच्या हातांना पेलणार नाही. मांडीवर घेऊन मोठ्यांचा बेल्ट दोघांभोवती लावणं तर आणखी वाईट. धक्क्यात आजीचं सगळं वजन मुलावर येतं.

कुठली सीट? लेबलवर ईसीई आर ४४/०४ किंवा आर १२९ (युरोपीय सुरक्षा मानकं) हा शिक्का किंवा भारतीय एआयएस-०७२ लिहिलेलं असावं. जुन्या पद्धतीत गट वजनावर आहेत: १३ किलोपर्यंत शून्य-प्लस, ९ ते १८ किलो गट एक, १५ ते ३६ किलो गट दोन-तीन. आर १२९ मध्ये मुलाच्या उंचीवर ठरतं. दोन्हींत एक गोष्ट समान: लहान मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे हवं. आर १२९ प्रमाणे किमान १५ महिने, आणि सीट परवानगी देत असेल तर त्यानंतरही. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कोवळी. समोरून धडक बसली तर उलट्या तोंडाच्या सीटमध्ये पाठ, मान आणि डोकं तिन्हींना एकत्र आधार मिळतो. अशी सीट पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, कधीही लावायची नाही. फुगणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर आदळते.

शेजाऱ्यांची जुनी सीट घेताना दोन प्रश्न विचारा. अपघातातली आहे का, आणि मागच्या बाजूला उत्पादनाचं वर्ष किती आहे. प्लॅस्टिक कालांतराने ठिसूळ होतं. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात.

बसवायचं काम निघायच्या आदल्या आठवड्यात करा, निघायच्या दिवशी नाही. क्रम असा:

१. मागच्या सीटचं कव्हर काढा. आपल्याकडे गाडी घेतली की पहिलं काम कव्हर घालायचं, आणि त्याखाली बेल्टचे बकल आणि आयसोफिक्सच्या (बेल्टशिवाय कारसीट थेट गाडीला अडकवायच्या) कड्या दोन्ही गाडल्या जातात. भाड्याच्या सुमो-इनोव्हात तर बेल्ट आहेत की नाहीत हे आधी फोनवर विचारून घ्या आणि फोटो मागवा.

२. आयसोफिक्स असेल तर कारसीटचे दोन्ही हात कड्यांत ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत ढकला, निर्देशक हिरवा झाला पाहिजे. तिसरा आधार वरच्या पट्ट्याचा किंवा जमिनीवर टेकणाऱ्या पायाचा असतो. पाय जाड मॅटवर किंवा तळातल्या सामानाच्या खणाच्या झाकणावर टेकू देऊ नका, झाकण खचतं.

३. आयसोफिक्स नसेल तर तीन टोकांचा बेल्ट सीटवर दाखवलेल्या मार्गातूनच ओवा. उलट्या तोंडाच्या सीटला बेल्ट लांब लागतो. आपल्या काही छोट्या गाड्यांत तो पुरतच नाही. म्हणून दुकानातून घेण्याआधी आपल्याच गाडीत लावून बघा.

४. सीटवर वजन टाकून बेल्ट ताणा. मग बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून.

५. मुलाला बसवा. खांद्याचे पट्टे उलट्या तोंडाच्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीत किंवा जरा खाली, सुलट्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीत किंवा जरा वर. ओढून झाल्यावर पट्ट्याची चिमूट घेऊन बघा. कापड चिमटीत आलं तर अजून ढिला आहे.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली स्वेटरची. डिसेंबरात बेळगावची सकाळ गार असते, मुलाला जाड जाकीट घालून त्यावरून पट्टा आवळतात. धक्क्यात जाकीट दबतं आणि मूल पट्ट्यातून निसटतं. पातळ कपड्यांवर पट्टा लावा, शाल वरून पांघरा. दुसरी करदोड्याची. पायांमधल्या बकलखाली करदोडा, घुंगरू किंवा ताईत आला की तासाभरात चामडी सोलते आणि मूल का रडतंय ते कळत नाही. गळ्यातला दोरा तर प्रवासापुरता काढूनच ठेवा, पट्ट्यात अडकून फास बसू शकतो. तिसरी चूक झोपेची. मान पुढे पडली म्हणून मागे उशी खोचतात, त्याने ती आणखी पुढे येते. सीट मागे कललेली नाही हा खरा दोष, तो कोन सुधारा.

मूल बसायलाच तयार नसेल तर आठवडाभर सीट घराच्या सोप्यात ठेवा. तिथे बसून गोष्ट ऐकू दे, खाऊ खाऊ दे. मग खानापूरपर्यंत एक फेरी मारून या. प्रवासात नियम एकच: रडलं तर गाडी थांबते, पट्टा सुटत नाही. चालत्या गाडीत एकदा सोडलात की पुढचे तीनशे किलोमीटर तेच मागणं.

सलग बसवण्याची मर्यादा दोन तास. महिन्या-दोन महिन्यांच्या बाळासाठी अर्ध्या तासापलीकडे नको. वाकलेल्या स्थितीत एवढ्या बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. खरं म्हणजे त्या वयात लांबचा प्रवास टाळता आला तर टाळाच.

डावीकडे की उजवीकडे

सीट मागे डावीकडे लावा. थांबल्यावर मुलाला रस्त्याच्या कडेला उतरवता येतं, वाहतुकीच्या बाजूचं दार उघडावं लागत नाही. पुण्याकडे जाताना सकाळचं ऊन उजवीकडून येतं, म्हणजे दुपारपर्यंत ही बाजू सावलीत. दुपारनंतर आणि परतीच्या सकाळी मात्र ऊन डावीकडूनच येणार. त्यासाठी काढता-घालता येणारी जाळी जवळ ठेवा. उन्हात गाडी उभी केली असेल तर मुलाला बसवण्याआधी बकलचं धातूचं टोक हाताने तपासा, एप्रिल-मेमध्ये ते चटका देण्याइतकं तापतं. आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा मुलाला बंद गाडीत ठेवून जायचं नाही. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंश चढतं.

दिवसाचं वेळापत्रक

खालचा आराखडा बेळगाव-पुण्याचा, अडीच-तीन वर्षांच्या आणि दुपारी एकदा झोपणाऱ्या मुलासाठी आहे. वयाप्रमाणे वेळा सरकवा, तत्त्व तेच.

सात वाजता निघा (उन्हाळ्यात सहाला). मूल झोपेतच असेल तर डायपर बदलून उचलून ठेवा. पहाटे चारला निघायचा मोह टाळा. मूल झोपतं हे खरं, पण चालवणाऱ्याचं शरीरही त्याच वेळी झोप मागतं. वंटमुरीचा चढ, हत्तरगीचा टोलनाका, संकेश्वर आणि तवंदी घाट ओलांडून साधारण आठ वीसला निपाणी. इथे नाश्ता, ३५ मिनिटं. पैकी पंधरा खाण्याची आणि वीस धावण्याची. थांबा म्हणजे मुलाचे पाय जमिनीवर, हे मोठ्यांनी लक्षात ठेवायला हवं. चहा पिईपर्यंत कडेवर घेतलं तर तो मुलाचा थांबा नव्हे.

कोगनोळीचा नाका, कागल, कोल्हापूर बाहेरून. दहाच्या सुमारास किणी टोलच्या पुढे वीस मिनिटं: शू, पाणी, फळ. सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणाची कामं आणि वळणरस्ते आहेत, म्हणून इथे दहा-पंधरा मिनिटं जास्तच धरलेली बरी. अकरा वीसला कराड. पुढच्या सगळ्या दिवसाचं भवितव्य इथे ठरतं. हायवेवरच्या हॉटेलात बसण्यापेक्षा गावात प्रीतिसंगमाच्या बागेत जा. मुलाला तिथे अर्धा तास मनसोक्त पळवा, घरचा डबा काढा, मोठ्यांनीही तेव्हाच जेवून घ्या.

साडेबाराला पोट भरलेलं, दमलेलं, कोरडं डायपर घातलेलं मूल सीटमध्ये, आणि गाडी सुरू. या झोपेत दिवसाचा सगळ्यांत लांब टप्पा उरकायचा: कराड, सातारा, खंबाटकी, थेट शिरवळपर्यंत, साधारण दीड तास. बहुतेक घरं नेमकी उलट चूक करतात. बारा वाजता कोणालाच भूक नसते, म्हणून पुढे जातात. साडेबाराला मूल पेंगतं, एक वाजता मोठ्यांना भूक लागते, गाडी थांबते, इंजिन बंद होताच मूल जागं होतं. अर्धवट झोपेचं मूल मग पुण्यापर्यंत कुणाचंच ऐकत नाही. मूल झोपलेलं असताना गाडी फक्त दोन कारणांनी थांबवायची: चालवणाऱ्याला झोप येतेय, किंवा गाडी बिघडलीय.

दोनला शिरवळजवळ वीस मिनिटं, पावणेचारपर्यंत पुणे. खेड-शिवापूर ते कात्रज या पट्ट्यात शुक्रवारी आणि रविवारी संध्याकाळी कोंडी असते, ती सुरू होण्याआधी तुम्ही आत असाल.

मुक्कामाचा प्रवास असेल तर पहिल्या दिवशी कोल्हापूरच्या अलीकडे कणेरी मठ बघा. तिथली ग्रामजीवनाची शिल्पं मुलांना फार आवडतात, बैल, सुतार, कुंभार सगळे खऱ्या आकाराचे. दक्षिणेकडे निघालात तर पन्नास किलोमीटरच्या आत कित्तूरच्या किल्ल्याचं मैदान हा चांगला पहिला थांबा. हुबळीच्या पुढे हॉटेलात मुलासाठी सांगताना ‘खारा बेडा’ (तिखट नको) आणि ‘बिसी नीरु’ (गरम पाणी) एवढं म्हटलं तरी काम होतं. इडली मात्र चटणी-सांबाराशिवाय मागा, तिकडचं सांबार कधी कधी झणझणीत निघतं.

घाट आणि उलटी

चोर्ला, आंबोली, अनमोड: समुद्राकडे जायचं तर घाट चुकत नाही. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखाली क्वचितच होतो, दोन ते बारा या वयात जास्त. कान सांगतो की आपण वळतोय, डोळे समोरच्या सीटची स्थिर पाठ बघतात, आणि मेंदूत या दोघांचा मेळ बसत नाही. म्हणून उपायही त्यावरच. घाटात मोबाइल, पुस्तक, चित्रं बंद. मूल सुलट्या सीटमध्ये बसत असेल तर ती इतकी उंच असावी की समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. काच बोटभर खाली करा. अत्तराची बाटली आणि डॅशबोर्डवरचा सुगंध आदल्या दिवशीच काढून टाका, निम्मी मळमळ त्यानेच होते. वेग वळणाआधी कमी करा. वळणात ब्रेक मारला की मागच्या सीटवर दुप्पट झोका बसतो.

घाटाआधी दीड तास पोटभर जेवण नको, पण रिकामं पोटही नको. कोरडी चपाती, राजगिऱ्याचा लाडू, दोन बिस्किटं पुरेत. दूध आणि तळलेलं घाट उतरल्यावर. औषध द्यायचं तर बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि ते निघण्याच्या तासभर आधी. प्रोमेथाझिनच्या गोळ्या घरोघरी असतात. दोन वर्षांखालच्या मुलाला त्या अजिबात द्यायच्या नाहीत, श्वास मंदावण्याचा धोका आहे.

उलटीची तयारी: एक लिटरच्या झिप पिशव्या सहा, तोंड रुंद उघडणाऱ्या. जुना टॉवेल, ओले रुमाल, कपड्यांचा एक जोड हाताशी (डिकीत नव्हे), आणि आईसाठीही एक कुर्ता. हे शेवटचं सगळे विसरतात. कारसीटखाली प्लॅस्टिक अंथरू नका, सीट घसरते. चार घडीचा सुती पंचा मुलाच्या मांडीवर टाका.

चोर्ला रस्त्यावर जांबोटी सुटल्यावर कणकुंबीच्या पलीकडे जंगल आहे, मोबाइलची रेंज तुटक. पेट्रोल, शू आणि नकाशा डाऊनलोड करणं जांबोटीच्या आत उरका. आंबोलीला पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, शक्यतो आडवारी जा. पावसाळ्यात कुठलाही घाट चालू आहे का हे त्याच दिवशी सकाळी विचारा, आदल्या दिवशीची बातमी चालत नाही.

डबा आणि दूध

नेहमीचंच अन्न, नेहमीच्याच वेळी. नवा पदार्थ प्रवासात चाखायला देऊ नका. दशम्या उत्तम: ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, चिमूटभर मीठ, जरा गूळ. मऊ राहतात आणि प्रवासाचा दिवस सहज निघतो. धपाटे मुलासाठी तिखटाशिवाय वेगळे थापा. मेतकूट-तूप-भाताचा डबा चार तासांच्या आत संपवा. केळी दोन जास्त घ्या. कुंदा पाहुण्यांसाठी न्या, मुलाला गाडीत देऊ नका. गोड आणि स्निग्ध, घाटात परत येतो.

चालत्या गाडीत पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, द्राक्षं, पॉपकॉर्न देऊ नका. खड्ड्यात गाडी उसळते, दाणा श्वासनळीत जातो, आणि पुढे बसलेल्याला ते कळतही नाही.

दुधाचा गोंधळ मोठा. घरून तापवलेलं कोमट दूध थर्मासमध्ये भरतात आणि तीन-चार तासांनी ते नासतं. दही लावायला जी ऊब लागते तीच थर्मास टिकवतो. वर्षाच्या पुढच्या मुलासाठी छोटे टेट्रापॅक दूध न्या, न उघडता ते फ्रिजशिवाय टिकतं. पावडरवरचं बाळ असेल तर थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या, पावडर मोजून कोरड्या डब्यांत भरून ठेवा. वाफाळत्या, म्हणजे किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवून निववा आणि दोन तासांत संपवा. उरलेलं फेकून द्या.

औषधांची पिशवी

ओआरएसच्या चार पुड्या. एक लिटरची मोठी पुडी अर्धी करून कालवू नका, प्रमाण बिघडतं. २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याच घ्या. दर जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे १०० ते २००, चमच्याने, सावकाश. फळांच्या चवीचे गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात.

ताप आला तर पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी, दिवसात चारदाच. घोळ होतो तो सिरपच्या ताकदीत. एक बाटली ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमची, दुसरी २५० ची, आणि बाळाचे थेंब एका मिलिलिटरमध्ये १०० चे. १२ किलोच्या मुलाला पहिल्याचे ५ ते ७.५ मिलिलिटर लागतात, दुसऱ्याचे अडीच ते साडेतीनच. घरचीच बाटली न्या आणि तिच्यावर आपल्या मुलाचा डोस पेनने लिहून ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ च्या वर ताप असेल तर औषध देऊन पुढे जायचं नाही, जवळचं इस्पितळ गाठायचं. बेळगावात केएलई, कराडला कृष्णा, हुबळीला किम्स ही मोठी इस्पितळं लक्षात असू द्या. १०८ ची ॲम्ब्युलन्स कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालते.

डायपर दर तीन तासांना एक, वर चार जास्त. शू सांगणाऱ्या मुलासाठी छोटं पॉटी भांडं डिकीत ठेवा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत मिळणं हा तुमचा हक्क आहे, पेट्रोल भरलं नाही तरी.

खेळणी थोडी आणि मऊ. धक्क्यात धातूची गाडी कपाळावर येते. मोबाइल अगदी शेवटच्या तासासाठी राखून ठेवा, सकाळी आठलाच दिलात तर दुपारी चारला तुमच्याकडे काही उरत नाही.

गाडी आणि कागद

निघताना चाकाखाली लिंबू ठेवायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी त्याच चाकातली हवाही बघा. टायर गार असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिल्याप्रमाणे, आणि भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा धरा. स्टेपनीतही हवा हवी. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावून, आत बसून दार उघडत नाही ना ते स्वतः तपासा. एसी सतत आतल्याच हवेवर ठेवू नका. पाच माणसांच्या श्वासाने गाडीतली हवा कोंदट होते आणि चालवणाऱ्याला पेंग येते. अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्या.

बेळगाव-पुण्यात सहा टोलनाके: हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. फास्टॅगमध्ये आधीच पैसे भरा. खासगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास आहे. सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० वेळा नाका ओलांडता येत होता. पुण्याच्या जाऊन-येऊन फेरीत बारा वापरले जातात. परवाना, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण घाटात रेंज नसते, म्हणून छापील प्रतीही ठेवा. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर दुसऱ्या राज्याचं परमिट कोण भरणार हे ठरवूनच बुक करा. पेट्रोल महाराष्ट्रात बहुतेक वेळा महाग असतं, टाकी निपाणीच्या आत भरून घ्या.

गाडी बंद पडली तर

हायवेवर चाक पंक्चर झालं की डावीकडे जमेल तितकं बाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा. पहिलं काम जॅक काढण्याचं नाही. मुलाला डाव्या दाराने उतरवा, झोपलं असलं तरी उठवून, आणि एका मोठ्या माणसाने त्याला घेऊन लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या पुढे नव्हे तर मागच्या अंगाला तिरकं दूर उभं राहावं. मागून धडक बसली तर उभी गाडी पुढे फेकली जाते. लाल त्रिकोण पन्नास पावलं मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही मागे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ लावा आणि शेजारच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. मग चाक बदला, किंवा त्यांची गाडी येईपर्यंत त्याच कठड्यापलीकडे दशमी खात थांबा.